डोस कमी केलाय तो बरोबरच. गोव्याचं इंजेक्शन नको

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. माझे सासरे 62 वर्षांचे, साखर आणि बीपी जुनं. दोन वर्षांपूर्वी किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा बेळगावला डायलिसिस. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून फाइल माझ्याकडे असते. सुरुवातीला हिमोग्लोबिन 7.2 होतं. डायलिसिसनंतर आठवड्यातून दोनदा 4000 युनिटचं रक्तवाढीचं इंजेक्शन सुरू झालं आणि हळूहळू 11.7 पर्यंत गेलं. मग डॉक्टरांनी इंजेक्शन आठवड्यातून एकदाच केलं. आता 10.6 आहे. मडगावला नोकरीला असलेले थोरले भाऊजी म्हणतात, पुरुषाला 13 पाहिजे, दवाखानेवाले हात आखडता घेतायत. मी इकडून इंजेक्शन पाठवतो, गावातल्या कंपाउंडरकडून टोचून घ्या. सासूबाई रोज बीट-गाजराचा रस आणि गूळ-शेंगदाणे देतात. मामा (म्हणजे सासरे) माळकरी आहेत. इंजेक्शन जनावराच्या रक्तापासून करतात असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलंय, तेव्हापासून तेही कुरकुरतात. भाऊजींना नको म्हणायचं तर माझ्याजवळ कारण पाहिजे. ते द्याल का? – एक सून

उत्तर : ताई, भाऊजींना नको म्हणाच. कारण एक नाही, तीन आहेत, पण त्यांना पटेल असं सांगायचं तर थोडं हाडाच्या आत शिरावं लागेल.

तांबड्या पेशी तयार होतात त्या हाडांच्या मगजात. मोठ्या माणसात मुख्यतः कंबरेचं हाड, छातीचं मधलं हाड, बरगड्या आणि मणके. निरोगी माणसाच्या मगजातून दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात. एकेक पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून एवढी भरती सतत लागते. या सगळ्यांची सुरुवात थोड्याशा मूळ पेशींपासून होते. त्या वाढाव्यात, टिकाव्यात, कुठल्या वाटेनं जावं हे ठरावं, यासाठी शरीर वेगवेगळे वाढ-घटक वापरतं. सुरुवातीच्या टप्प्यावर स्टेम सेल फॅक्टर आणि इंटरल्यूकिन-3 यांचं काम असतं. त्यांच्या जोरावर पेशींची संख्या वाढते आणि काही पेशी तांबड्या होण्याच्या वाटेला लागतात. इथवर मामांच्या मगजात फारसं बिघडलेलं नाही.

अडतं ते पुढच्या पायरीवर. तांबड्या होऊ घातलेल्या या पेशींना एका टप्प्यावर एरिथ्रोपोएटिन (शरीर बनवतं ते संप्रेरक, मामांच्या रक्तवाढीच्या इंजेक्शनात तेच असतं) मिळालं नाही तर त्या तिथंच मरतात. रोगानं नव्हे, त्यांच्यात आधीपासूनच असलेल्या व्यवस्थेनुसार त्या स्वतःला संपवतात. एरिथ्रोपोएटिन पेशींच्या कवचावरच्या आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं आणि हे मरण थांबवतं. तुमच्या भागात भात आहे, म्हणून असं सांगते : लावणी झाली आणि पाऊस दडला की रोपं माना टाकतात. त्या आठवड्यात आलेला पाऊस नवी रोपं देत नाही, लावलेली जगवतो. एरिथ्रोपोएटिनही तेच करतं. आणि पुढं जमिनीत खतच नसेल तर नुसत्या पावसानं लोंबी भरत नाही, हेही तुम्हाला सांगायला नको. त्या खताकडं मी नंतर येते.

वाचलेली पेशी मग चार-पाच वेळा विभागते, हिमोग्लोबिन भरून घेते आणि शेवटी आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते. हे मगजात एका मोठ्या भक्षक पेशीभोवती घोळका करून चालतं. टाकलेली केंद्रकं गिळायचं काम तीच करते. (काचपट्टीवर तो घोळका नीट जमून आलेला दिसला की मी अजूनही शेजारच्यांना बोलावून दाखवते.) या सगळ्याला आठवडाभर लागतो. त्यानंतर एक-दोन दिवस ती कोवळी पेशी रक्तात फिरते आणि मग पक्की होते.

भाऊजींना पहिलं कारण इथं सापडेल. आज टोचलेल्या इंजेक्शनचा परिणाम उद्याच्या हिमोग्लोबिनमध्ये दिसत नाही. तो दिसायला दोन ते सहा आठवडे जातात. त्या मधल्या दिवसांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून आणखी दोन इंजेक्शनं टोचली, तर आकडा चढायला लागेल तेव्हा तिन्ही एकदम अंगावर येतील. चढलेलं रक्त खाली आणायला कुठलंही उलटं इंजेक्शन नाही. म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू बदलतात, आणि 11.7 वर पोचल्यावर तो कमी करतात. 12 ओलांडायची वाट बघत बसत नाहीत. 11.7 वरून 10.6 म्हणजे ते नेम धरून मारतायत. हात आखडता घेण्याचा इथं प्रश्नच नाही.

आता मामांच्या शरीरात एरिथ्रोपोएटिन का नाही? मोठ्या माणसात ते बहुतांश किडनीतच बनतं, थोडंसं यकृतात. (गर्भात ते मुख्यतः यकृत बनवतं, जन्मानंतर काम किडनीकडं येतं.) किडनीच्या बारीक नळ्यांच्या मधल्या भागात काही पेशी असतात, त्यांना आसपासचा ऑक्सिजन कळतो. तो कसा कळतो, हे शोधणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन पुरेसा असेल तेव्हा एचआयएफ नावाचं प्रथिन पेशीत बनताच मोडलं जातं. ऑक्सिजन कमी पडला की ते मोडलं जात नाही, टिकून राहतं आणि एरिथ्रोपोएटिनचं जनुक चालू करतं. धडधाकट माणसाला फार रक्तस्राव झाला, तर त्याच्या रक्तातलं एरिथ्रोपोएटिन शंभरपट आणि त्याहूनही वर जाऊ शकतं. मामांच्या किडनीतल्या त्या पेशी वर्षानुवर्षांच्या साखरेनं आणि बीपीनं कामातून गेल्या आहेत, म्हणून हिमोग्लोबिन 7 वर आलं तरी हाक द्यायला कुणी नाही. ती हाक आता बाहेरून इंजेक्शननं द्यावी लागते. (रक्तातलं एरिथ्रोपोएटिन मोजून बघा असं कुणी सुचवलं तर पैसे वाचवा. अशा रुग्णात आकडा ‘नॉर्मल’सुद्धा येतो, पण एवढ्या कमी रक्ताला तो फारच अपुरा असतो. उपचार त्यानं बदलत नाही.)

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, भाऊजींना तेच आधी सांगा. 13 चं उद्दिष्ट लोकांनी करून बघितलंय. 1998 मध्ये अमेरिकेत हृदयरोग असलेल्या 1,233 डायलिसिस रुग्णांवर तपासलं की, रक्त निरोगी माणसाइतकं वर नेलं तर ते जास्त जगतात का. वर नेलेल्या गटात मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी होण्याची काही चिन्हं दिसेनात, उलट जास्त होताना दिसले, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवला. 2006 मध्ये, अजून डायलिसिसवर न गेलेल्या 1,432 किडनी रुग्णांत 13.5 आणि 11.3 अशी दोन उद्दिष्टं ठेवली. 13.5 वाल्यांना त्रास जास्त झाला. 2009 मध्ये, साखर आणि किडनीचा आजार दोन्ही असलेल्या 4,038 जणांचा अभ्यास आला. त्यात 13 च्या मागं लागलेल्या गटात पक्षाघाताचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. मामांना साखर आहे, बीपी आहे. या शेवटच्या अभ्यासातले लोक डायलिसिसवर नव्हते, एवढं सोडलं तर तो जणू त्यांच्यासाठीच केलाय.

म्हणून आता जगभर डायलिसिसवरच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन सहसा 10 ते 11.5 च्या आसपास ठेवतात आणि मुद्दाम 13 च्या वर नेत नाहीत. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेला 13 ते 17 हा आकडा निरोगी पुरुषाचा आहे. त्याच्यासमोर 10.6 ला ठळक करून खाली बाण काढलेला असतो, तो यंत्र काढतं, डॉक्टर नाही.

रक्त वाढल्यावर वाईट काय होतं? रक्त दाट होतं, बीपी चढतं, आणि डायलिसिससाठी हातात केलेल्या फिस्टुलात, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेत, गुठळी बसू शकते. फिस्टुला बंद पडला तर मामांचं डायलिसिसच अडेल, मग मानेत नळी घालायची पाळी. रोज सकाळी त्या जागी बोटं ठेवून थरथर जाणवते का ते बघायची सवय मामांना लावा. थरथर थांबली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, बोलताना जीभ अडखळली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला किंवा आकडी आली, तर पुढच्या डायलिसिसची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

तिसरं कारण प्रवासाचं. हे औषध म्हणजे नाजूक प्रथिन. ते 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं, गोठू द्यायचं नाही, हलवायचं नाही. मडगावहून अनमोड घाटातून येणाऱ्या गाडीत कंडक्टरच्या हाती दिलेली बर्फाची प्लास्टिक पिशवी मी डोळ्यांसमोर आणू शकते. लोंढ्यापर्यंत बर्फ वितळलेला, किंवा त्याच्या उलट, बाटली थेट बर्फाला टेकून गोठलेली. गोठलेलं इंजेक्शन नंतर वितळवलं तर दिसायला चांगलंच दिसतं, उपयोगाचं मात्र राहत नाही. आणि टोचण्याआधी बीपी न बघता, दवाखान्याच्या नोंदीत न येता दिलेला डोस डॉक्टरांना कळणारच नाही. आकडा चढला की ते चुकीचा निष्कर्ष काढतील आणि मामांचा नेहमीचा डोस तोडतील.

एक गोष्ट मात्र भाऊजींच्या बाजूनं बोलायला हवी : रक्त कमी का झालं हे विचारायचा त्यांचा हक्क आहे. 10.6 ठीक आहे, पण डोस तोच असताना आकडा सतत घसरत 10 च्या खाली जायला लागला, तर आणखी इंजेक्शन हे पहिलं उत्तर नसतं. आधी खत बघायचं, म्हणजे लोह.

तांबड्या पेशीच्या पोटात हिमोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनच्या मध्यभागी लोह. डायलिसिसवाल्यांचं थोडं-थोडं रक्त दर वेळी नळ्यांत आणि तपासण्यांत जातं, शिवाय त्यांच्या तांबड्या पेशी 120 दिवस जगतही नाहीत. भर घालायची म्हटलं तर पोटातून लोह नीट शोषलं जात नाही. त्याला कारण हेप्सिडिन नावाचा यकृतातून येणारा संप्रेरक. शरीरात कुठंही जंतुसंसर्ग किंवा सूज असली की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून व साठ्यातून लोह बाहेर पडण्याची दारं बंद करतं. साठा भरलेला असूनही मगजाला लोह मिळत नाही, अशी विचित्र स्थिती होते. निरोगी शरीरात तांबड्या पेशींची घडण जोरात सुरू झाली की त्या घडणाऱ्या पेशीच एरिथ्रोफेरोन नावाचं द्रव्य सोडतात आणि यकृताला सांगतात, हेप्सिडिन कमी कर, आम्हाला लोह हवंय. मगज आणि यकृतामधली ही बोलाचाली 2014 मध्ये उलगडली. किडनीच्या रुग्णात हेप्सिडिन मुळातच जास्त असतं, त्यामुळं ही हाक पुष्कळदा अपुरी पडते. म्हणून बऱ्याच डायलिसिस रुग्णांना लोहाच्या गोळ्यांऐवजी शिरेतून लोह देतात.

दोन आकडे फाइलमध्ये आहेत का बघा : फेरिटिन, म्हणजे साठा, आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, ज्याला रिपोर्टवर टीसॅट लिहितात, म्हणजे वापरायला हाताशी असलेलं लोह. टीसॅट 30 टक्के किंवा त्याहून कमी आणि फेरिटिन 500 किंवा त्याहून कमी असेल, तर शिरेतून लोहाचा विचार डॉक्टर सहसा करतात. मामांना ताप, फिस्टुलाच्या जागी सूज, पायावर न भरणारी जखम असं काही असेल तर तेही सांगा, कारण संसर्ग असताना लोह देणं थांबवतात आणि इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. बी-12, फॉलिक ॲसिड आणि पॅराथायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीच्या संप्रेरकाचीही चौकशी करा. आठवड्यातून तिसऱ्यांदा डायलिसिस करता येईल का, हे विचारायला लाजू नका. डायलिसिस अपुरं पडलं तरी हिमोग्लोबिन वाढत नाही. डॉक्टर कन्नडमध्ये बोलणारे असतील आणि अर्धं डोक्यावरून जात असेल, तर प्रश्न आधी घरी कागदावर लिहून न्या. ‘कब्बिणांश एष्टिदे, डॉक्टर?’ (लोह किती आहे?) एवढं विचारलंत तरी फेरिटिन-टीसॅटवर बोलणं सुरू होईल.

आता सासूबाई. हे मला सर्वांत काळजीचं वाटलं, कारण ते प्रेमानं चाललंय. बीट, गाजर, गूळ आणि शेंगदाणे डायलिसिसच्या रुग्णाला रोज द्यायचे नाहीत. या सगळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवून माणसाला अचानक घालवू शकतं. रसात तर पाच-सहा गाजरांचं पोटॅशियम एका पेल्यात येतं. शेंगदाण्यात फॉस्फरसही आहे. शिवाय मामांना साखर, गूळ कशाला? सासूबाईंना रागावू नका. बीट तांबडं म्हणून रक्त होतं, हे त्यांच्या आईनं त्यांना सांगितलंय. रसाऐवजी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून टाकायचं आणि मग फोडणी द्यायची, एवढं त्यांच्या हाती द्या. डाळ, दूध, पनीर किती चालेल हे दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांकडून घ्या, कारण डायलिसिसवाल्याला प्रथिनं कमी पडूनही चालत नाही. आजच्या रसापासूनच थांबवा, पुढच्या आठवड्यापासून नको, आणि पुढच्या डायलिसिसला पोटॅशियम तपासायला सांगा.

माळेचा प्रश्न मामांनी विचारला हे चांगलंच झालं, मनात धरून बसले नाहीत. इंजेक्शन जनावराच्या रक्तापासून करत नाहीत. या औषधाची गोष्टच वेगळी आहे. 1906 मध्ये फ्रान्समध्ये कार्नो आणि देफ्लांद्र यांनी सशांवर प्रयोग करून सांगितलं की, रक्त गेल्यावर अंगात असं काहीतरी फिरतं जे नवं रक्त घडवून आणतं. ते ‘काहीतरी’ शुद्ध करायला 1977 उजाडलं. जपानमधल्या, मगज आटलेल्या रुग्णांचं 2,550 लिटर मूत्र जमवलं आणि शिकागोच्या युजीन गोल्डवासर यांच्या प्रयोगशाळेत त्यातून काही मिलिग्रॅम एरिथ्रोपोएटिन हाती लागलं. 1985 मध्ये माणसाचं हे जनुक वेगळं करता आलं, 1989 मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. तेव्हापासून ते जनुक हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालतात आणि त्या पेशी मोठ्या भांड्यांत वाढवतात. त्या पेशींचं मूळ 1950 च्या दशकातल्या एका हॅमस्टरपर्यंत जातं, हे मी लपवत नाही. पण आज इंजेक्शनसाठी प्राणी मारला जात नाही, आणि निघतं ते प्रथिन माणसाच्याच जनुकानुसार बनलेलं असतं. काही कंपन्यांच्या औषधात टिकण्यासाठी मानवी अल्ब्युमिन, म्हणजे माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन, घालतात. ते खोक्यावर लिहिलेलं असतं, मामांना खटकलं तर बिनअल्ब्युमिनचं मागता येतं. शेवटी निर्णय त्यांचा, पण तो अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवर व्हायला नको. इंजेक्शन सोडलं तर रक्त चढवायची वेळ येते. दुसऱ्याचं रक्त वारंवार चढवलं की शरीरात अशी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात की पुढं किडनी बसवायचं ठरलं तर जुळणारी मिळणं अवघड होतं.

भाऊजी मोबाइलवर शोधतीलच, म्हणून गोळ्यांबद्दल थोडक्यात. मघाशी एचआयएफ सांगितलं, ते मोडू न देणाऱ्या गोळ्या निघाल्यात. डेसिडुस्टॅट ही त्यातली भारतात 2022 मध्ये मंजूर झाली. त्यांनी शरीराचंच एरिथ्रोपोएटिन वाढतं. काहींना त्या उपयोगी पडतात, पण रक्ताच्या गुठळीचा विचार तिथंही करावा लागतो आणि त्या मनानं घ्यायच्या नाहीत. इंजेक्शन लागू पडतंय तोवर मामांना बदलायचं कारण मला दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी सरकारी रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा केंद्राचा कार्यक्रम 2016 पासून आहे. शिवाय महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना देण्याचं ठरवलं. त्यात तुमचं गाव बसतं का आणि सध्या प्रत्यक्ष काय मिळतं, याची चौकशी भाऊजींवरच सोपवा. गोव्याहून इंजेक्शन पाठवण्यापेक्षा एखाद्या डायलिसिसला स्वतः बेळगावला येऊन डॉक्टरांसमोर बसणं त्यांच्यासाठी जास्त कामाचं. तुमच्या तोंडून न पटलेलं कदाचित तिथं पटेल, हे मला आवडत नाही, पण घराघरातलं खरं आहे.

फेरिटिन आणि टीसॅटचे आकडे आले की मला लिहा. हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेलं किंवा 12 च्या वर चढलं, तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी डायलिसिसच्या डॉक्टरांना सांगा.